दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि खाली आईने काढलेल्या दीड ओळीही पोचल्या. आईला वाचून दाखवायचं पान नेहमीसारखं वेगळं घातलं आहे. त्यात मुलीचा दात पडल्याचं, आम्ही वेळेवर जेवतो याचं आणि माझं वजन वाढल्याचं लिहिलं आहे. त्यातलं दाताचं खरं आहे. हे दुसरं पान फक्त तुझं. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तू फोन उचलतेस तेव्हा मागे कुठलीतरी मोटार चालू असते आणि तू नुसतं हं हं करतेस.

आमच्या धुलाई कारखान्यात तीन हॉस्पिटलांचे कपडे येतात हे तुला ठाऊक आहेच. मधे एक भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूला मळकं, दुसऱ्या बाजूला स्वच्छ. मळक्या बाजूचं माणूस अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय इकडे पाऊल टाकू शकत नाही, आपल्या आत्याच्या सोवळ्याहून कडक. मी चार वर्षं स्वच्छ बाजूला आहे, इस्त्रीच्या मोठ्या रुळावर. दोघींनी चादरीचे दोन कोपरे धरायचे, कडा सरळ करून रुळात सोडायच्या. दिवसाला बाराशे चादरी होतात.

तर सकाळच्या पाळीची प्रमुख काम सोडून गेली. आमच्या वरच्या बाईंना मी मनातल्या मनात मुकादमबाई म्हणते. त्यांनी सुट्टीच्या वेळात मला बोलावून विचारलं, ही जागा घेशील का. मनातून मला एकदम आनंद झाला आणि तोंडातून निघालं, नको, मला कुठे जमणार, शिवाय घरी विचारावं लागेल. आपण म्हणतो तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आणि वही मिटली.

मला वाटलं, उद्या परत विचारतील. दुसऱ्या दिवशी मी हातमोजे असून हातमोजे मागायला त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी हातमोजे दिले. तिसऱ्या दिवशी कपड्यांची ढकलगाडी पुसायचं निमित्त काढून दारासमोर घुटमळले. चौथ्या दिवशी फळ्यावर नाव लागलं, तेही जिला चादरीचा कोपरा कसा धरायचा हे मी शिकवलं तिचं. मी तिचं अभिनंदन केलं आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

ह्यांना अजून सांगितलं नाही. सांगायचं काय, मला जागा देत होते आणि मीच नको म्हणून आले, एवढंच ना. तू हसशील म्हणून तुलाच सांगते.

आईला जप, स्वतःला जप, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बारकी

---

दि. १९ मार्च

चि. सौ. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले. आई विचारत होती काय झालं, तर तिला दाताची गोष्ट परत वाचून दाखवली.

अगं, तू नको म्हटलंस आणि त्या बाईने ऐकलं, यात तिची काय चूक? लहानपणी तू मावशीकडे खाऊ नको म्हणायचीस आणि मावशीने खरंच डबा बंद केला की घरी येईपर्यंत मुसमुसायचीस. तुझ्यात काडीचा बदल नाही. सरळ जा आणि सांग, की मला हवी होती. फार तर नाही म्हणतील, आता कुठे हो म्हणाल्यात?

तू परदेशी गेलीस तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी सुटली. मी मागे राहिले तर म्हणाले, बिचारी अडकली. प्रत्यक्षात मी दिवसभर विजेच्या जळलेल्या मोटारी उघडते, आत नव्या तारा भरते, शेतातले पंप दुरुस्त करते, आणि तू चादरींच्या घड्या घालतेस. आता कोण सुटलं नि कोण अडकलं ते त्या लोकांनीच येऊन सांगावं. अर्थात नवीन गिऱ्हाईक अजूनही दारात उभं राहून विचारतं, मालक कुठे आहेत. मी म्हणते, बाहेर गेलेत. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं, आणि खोटंही नाही. अण्णांनी दुकान भाऊच्या नावावर केलं, भाऊ त्याच्या ऑफिसच्या गावी, म्हणजे मालक बाहेरच की.

भाऊवरून आठवलं. एक मोबाईलवाला आपलं दुकान भाड्याने मागतोय. रस्त्यावरची जागा आहे, त्याला पसंत पडली. भाऊ सभ्य माणूस, त्याने मला आधी विचारलं. मी म्हटलं, दुकान तुझं आहे, तुला योग्य वाटेल ते कर, माझं काही नाही. मलाही आता पन्नाशी आली, पंप उचलताना कंबर बोलते. आईजवळ बसेन, तिची औषधं वेळेवर होतील. पुढच्या महिनाअखेर काय ते ठरेल म्हणतो.

बाकी ठीक. आईचा गुडघा तुझी आठवण काढतो, म्हणजे तू चोळायचीस तसं मला जमत नाही असं तिचं म्हणणं. जावईबापूंना आशीर्वाद, मुलीला पापा. आहे तेवढी माया तशीच आहे, काळजी नसावी.

तुझी,
ताई

---

दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून मी मुकादमबाईंकडे जाणार होते, पण त्याआधी त्यांनीच मला बोलावून, दार लावून, एक पाकीट हातात दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू एकटी नाहीस. मला वाटलं दुसऱ्या जागेचं पत्र आहे. मी ते न उघडताच पिशवीत टाकलं आणि दिवसभर हसऱ्या चेहऱ्याने चादरी सोडल्या.

घरी किल्ली शोधताना ते ह्यांच्या हाती लागलं. आत एक छापील कागद होता, तोही आपल्या भाषेत, शब्दाशब्दाला चुका. नवऱ्याच्या जाचात असलेल्या बायकांनी कुठे फोन करायचा याचा तो कागद होता. मी घरी विचारावं लागेल म्हटलं होतं ना, त्याचा हा अर्थ निघाला. कागदावर दहा प्रश्न होते. हे खुर्चीत बसले, पेन्सिल घेतली आणि म्हणाले की चल, सोडवू या.

पहिले तीन प्रश्न आम्ही हसत सोडवले. चौथा होता, नवीन काम घेण्याआधी तुम्हाला जोडीदाराची परवानगी लागते का. मी हो म्हटलं. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवून विचारलं, मी तुला कधी नाही म्हटलं. मी खूप आठवलं. ह्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. पण ताई, एवढ्यावर मी त्यांना सोडलं नाही. त्यांना म्हटलं, दोन वर्षांपूर्वी मी गाडी शिकायचं बोलले तेव्हा तुम्ही सुस्कारा टाकून विचारलंत, मग संध्याकाळचं कसं. तुमचा तेवढा सुस्कारा मला दोन वर्षं पुरला. ते दुखावले होते हे दिसत होतं, आणि मलाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर ह्यांनी मुलीच्या वेण्या घालून ठेवल्या होत्या. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. मी सोडून परत घालणार होते, पण तिने हात लावू दिला नाही. तशीच शाळेत गेली.

मग मी मुकादमबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, की आमच्याकडे पहिलं विचारणं हे नुसतं दार वाजवणं असतं, त्याला नकोच म्हणायचं असतं, उघडायचं असतं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. त्या कानापर्यंत लाल झाल्या. म्हणाल्या, मला माफ कर. आणि मग असं काही म्हणाल्या की मी अजून त्याचा विचार करते. त्या म्हणाल्या की बाईने नाही म्हटलं तर ते नाहीच, एवढं लोकांना पटवायला आमच्या आयांना जन्मभर भांडावं लागलं. तुला परत विचारणं म्हणजे तुझ्या शब्दाला किंमत न देणं, असं मला वाटलं. त्यांचं बरोबर आहे. माझंही बरोबर होतं. जागा मात्र गेली.

जेवणाच्या सुट्टीत हाच विषय. आमच्यात एक तीळवाली आहे, गालावर मोठा तीळ आहे म्हणून मी तसं म्हणते. ती तिसऱ्याच देशातून आलेली. ती म्हणाली, आमच्याकडेही बाई तीनदा नाही म्हणते, नाहीतर तिला हावरी म्हणतात. तिचा भाऊ मात्र पहिल्या हाकेला हो म्हणायचा आणि त्याला हुशार म्हणायचे. घड्यांच्या यंत्रावर एक इथलीच आहे. ती म्हणाली, मला आयुष्यात कुणी काही विचारलंच नाही, मी ओरडून घेतलं, म्हणून मला भांडकुदळ म्हणतात. आणि तिच्याच नवऱ्याला तीस वर्षांत कपड्यांचा साबण घरात कुठे ठेवतात हे ठाऊक नाही. मी समजत होते की इथल्या बायकांचं सगळं मार्गी लागलेलं आहे. तसं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझं पत्र मी परत वाचलं. दुकान तुझं आहे, तुला योग्य वाटेल ते कर, माझं काही नाही. ताई, तू मला हसलीस आणि त्याच पत्रात तू तेच केलंस.

अण्णा आजारी होते तेव्हाचा तो दिवस मला दिसतो. अण्णा खाटेवर, भाऊ पायाशी, तू दाराजवळ, मी पाण्याचा तांब्या घेऊन. अण्णांनी तुला विचारलं, दुकान तुझ्या नावावर करू का. तू म्हणालीस, नको, भाऊच्या नावावर करा, मला काय करायचंय. अण्णा बरं म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. तू चौकटीला हात लावून तिथेच उभी राहिलीस. कितीतरी वेळ. ज्या घरात पाहुण्याला चहासुद्धा तीनदा विचारतात, त्या घरात तुला एकदाच विचारलं.

मी भाऊला पत्र लिहिते आहे. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. रागावलीस तरी चालेल, पण लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
बारकी

---

दि. ५ एप्रिल

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

तुझं, वहिनीचं सगळं ठीक असेल. मी पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी मागणार हे तू ओळखलं असशीलच.

मोबाईलवाल्याला थांबव. ताईने तुला माझं काही नाही म्हणून सांगितलं आणि तू ते खरं मानलंस. यात तुझा दोष नाही, तू सरळ माणूस आहेस, सांगितलेलं खरं मानतोस. पण अकरा वर्षांपूर्वी अण्णांनीही ते खरं मानलं, आणि तेव्हापासून ती तिच्या हातांनी चालवलेल्या दुकानात मालक बाहेर गेलेत म्हणून सांगते आहे. तुला मोटारीची तार कुठून सुरू होते हेसुद्धा सांगता येणार नाही, हे तूही मान्य करशील.

तुला नोकरी आहे, घर आहे. दुकान तिच्या नावावर करून दे. फोनवर विचारू नकोस, स्वतः जा. बक्षीसपत्राचा कागद तयार करून घेऊन जा. पहिल्यांदा विचारशील तेव्हा ती नको म्हणेल. दुसऱ्यांदा विचार. मग ती म्हणेल वहिनीला काय वाटेल, लोक काय म्हणतील. तेव्हा तिसऱ्यांदा विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस. तुला वाक्यं सुचत नसतील तर लिहून ने.

वहिनीला हे पत्र खुशाल दाखव. तीही कुणाची तरी बहीण आहे. माझ्यावर आजवर केलीस तशीच माया कर.

तुझी धाकटी,
बारकी

---

दि. २१ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुला कुणी सांगितलं होतं हा उद्योग करायला? माझं मागणं माझ्या वतीने तू मागितलंस. मोठी झालीस, परदेशात राहतेस, म्हणून इथल्या माणसांचे निवाडे तू तिथे बसून करणार का? ती तुमची मुकादमबाई तुला पाकीट देते आणि तू मला देतेस, यात मला फारसा फरक दिसत नाही.

मी काही कुणाच्या जाचात नाही. सकाळी माझ्या हाताने कुलूप उघडते, संध्याकाळी लावते. चार गावांचे लोक माझ्याकडे पंप आणतात, कारण मी भरलेली मोटार जळून परत येत नाही. तुझी कीव मला नको.

हे लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. आज पुढचं लिहिते.

तू म्हणतेस ते खरं आहे, आणि तेच जास्त लागलं. मी दाराशी उभी होते. अण्णा परत विचारतील म्हणून उभी होते. त्यांना झोप लागली तरी मी थोडा वेळ थांबले, की जागे झाल्यावर विचारतील. अकरा वर्षं मला वाटत होतं, हे कुणी पाहिलं नाही. कुणी पाहिलं नाही याचंच मला बरं वाटायचं. आता कळलं की तू पाहिलं होतंस. मग एवढं सांग, तेव्हा का बोलली नाहीस?

आई बरी आहे. मी रागावलेली आहे, पण लोभाचा त्याच्याशी संबंध नाही.

ताई

---

दि. ८ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून खरं तेच लिहिते.

तो तांब्या हातात धरून मी उभी होते तेव्हा आठ दिवसांनी मला निघायचं होतं. तिकीट हातात होतं. दुकानाचा विषय निघाला असता तर आईकडे कोण बघणार हा विषय निघाला असता, आणि मग माझ्या जाण्याचा निघाला असता. तू नको म्हटलंस आणि सगळ्यांच्या सोयीचं झालं. अण्णांच्या, भाऊच्या आणि माझ्याही. मी तुला पाहिलं आणि तांब्या ठेवून बाहेर गेले. मी इथे आले ती तुझ्या त्या नकोवर आले, ताई. इथे बसून निवाडे करते म्हणालीस ते मला लागलं, पण चुकीचं म्हणाली नाहीस.

माझ्या पत्रात तुला कीव दिसली असेल तर मी चुकीचं लिहिलं. तुझी कीव मला कधी आली नाही. तुझा हेवा मात्र वाटतो, कारण तुझ्या हातची मोटार वर्षानुवर्षं चालते आणि माझी चादर दुसऱ्या दिवशी परत मळून येते.

इकडची बातमी. मळक्या बाजूच्या प्रमुखाची जागा निघाली. ती कुणालाच नको असते, वास असतो, सुया निघतात, दिवसातून तीनदा अंघोळ करावी लागते. मी विचारायची वाट न बघता मुकादमबाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मला हवी. त्यांनी विचारलं, नक्की का. मी हो म्हटलं. त्यांनी परत विचारलं. मी परत हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला हसू आलं, तर त्या म्हणाल्या, तूच शिकवलंस. पहिल्या तारखेपासून रुजू झाले आहे.

पहाटे निघावं लागतं. मुलीचं सकाळचं सगळं आता हे बघतात. दोन्ही वेण्या एका उंचीवर आल्या आहेत. सुस्कारे अजून आहेत, पण मी आता त्यांना विचारते, हा सुस्कारा मी ऐकायचा आहे की नाही. बहुतेक वेळा ते नाही म्हणतात.

भाऊचं मला काहीच कळलं नाही. मी परत त्याला लिहिणार नाही. आता ते तुझं आणि त्याचं. राग जितके दिवस पुरेल तितके दिवस ठेव, पण पत्र पाठवत जा.

तुझी,
बारकी

---

दि. २७ मे

चि. सौ. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. आईचं पान नव्हे, माझं. ती म्हणाली, मलाही ठाऊक होतं. एवढंच म्हणाली आणि गुडघा पुढे केला. मी चोळला.

मधे एका रविवारी भाऊ आला. तो एरवी घरी येतो, या वेळी सरळ दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. बगलेत फाइल. मी मोटारीची तार भरत होते, साच्यावर एकेक वेढा मोजून. त्याने घसा साफ केला, खिशातून चिठ्ठी काढली आणि विचारलं की ताई, दुकान तुझ्या नावावर करून देऊ का.

मी हो म्हटलं.

तो गांगरला. बहुधा ऐकू आलं नसावं, किंवा आलं तरी खरं वाटलं नसावं, कारण त्याने चिठ्ठीतलं दुसरं वाक्यही वाचून टाकलं, की वहिनीला काही वाटणार नाही, तिनेच कागद लवकर करायला लावला. मी परत हो म्हटलं. तिसरं वाक्य त्याने चिठ्ठीसकट खिशात ठेवलं. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, मला अकरा वर्षं वाटत होतं की तुला खरंच नकोय. मी त्याला म्हटलं, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. या सगळ्यात वेढ्यांची मोजणी चुकली आणि ती सगळी तार मला उलगडून पहिल्यापासून भरावी लागली.

सह्या झाल्या. मोबाईलवाल्याला चौकात दुसरी जागा मिळाली. तुला लिहिते म्हणून लिहिते, मी त्या दिवशी घरी येऊन रडले, आणि ते वाईट वाटून नव्हतं.

तू तांब्या ठेवून बाहेर गेलीस, त्याचंही मी आता धरून बसणार नाही. तू गेलीस ते बरं झालं. कुणीतरी एक तरी त्या दारातून बाहेर पडलं. मळक्या बाजूला हातमोजे दुहेरी घाल, सुयांचं मला भय वाटतं.

काल दुकानाची पाटी रंगवायला रंगारी आला होता. जुन्या पाटीवर अण्णांचं नाव आणि त्यापुढे व चिरंजीव असं आहे, ते तू पाहिलेलंच आहे. त्याने शिडीवरून विचारलं, आता इथे तुमचं नाव घालू का. आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? नको, आहे ते ठीक आहे. मी हातातलं काम पुढे चालू केलं. थोड्या वेळाने वर पाहिलं तर शिडी नव्हती. त्याने डबे, कुंचले आवरले होते आणि चांगली दोन दुकानं पुढे गेला होता.

मी पक्कड खाली ठेवली आणि त्याच्या मागे गेले.

आईचे आणि माझे आशीर्वाद. आपल्या दोघींची माया अशीच नांदो.

तुझी,
ताई